नसलेल्या चिपसाठी ड्रायव्हर

आठवणी पुष्कळ आल्या आहेत, आता कोणी आपापल्या कामाविषयीही लिहावे, असे संपादक मंडळाने कळवले. माझ्या कामाची पंचाईत अशी की ते डोळ्यांना दिसत नाही. आपल्यातल्या डॉक्टरांना बरा झालेला रुग्ण दाखवता येतो, बांधकाम खात्यातल्या मित्रांना पूल दाखवता येतो. मी लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, सुरक्षा चिपचे ड्रायव्हर लिहिते आणि तपासते. बहुतेक वेळा ती चिप माझ्यासमोर नसतेच. तिची हुबेहूब नक्कल करणारा एक प्रोग्रॅम असतो. त्याला एम्युलेटर म्हणतात. "वस्तूच नाही, मग ड्रायव्हर कशाला?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर गेल्या पंचवीस वर्षांच्या इतिहासात आहे. तो इतिहास आपल्या गुरुजनांना आणि वर्गमित्रांना समजेल अशा भाषेत सांगण्याचा हा प्रयत्न.

चिप काय करते?

ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांच्या चांगल्या चालत्या संगणकाला "तू चालणार नाहीस" असे उत्तर मिळाले. कारणांपैकी एक होते, टीपीएम २.० नाही. टीपीएम म्हणजे ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मॉड्यूल. मदरबोर्डवर बसणारी नखाएवढी चिप. अलीकडे ती वेगळी न बसवता प्रोसेसरच्या आतही असते.

तिची मुख्य कामे दोन. पहिले, किल्ल्या सांभाळणे. ती स्वतःच्या पोटात गुप्त किल्ली तयार करते आणि ती किल्ली बाहेर देत नाही. किल्लीने करायचे काम तेवढे करून देते. दुसरे, नोंद ठेवणे. ज्यांनी जुन्या पद्धतीच्या वह्या लिहिल्या आहेत त्यांना "मागील पानावरून पुढे" ही ओळ आठवत असेल. चिपमध्ये असेच २४ रकाने असतात. संगणक सुरू होताना जो जो प्रोग्रॅम चालणार असेल त्याचा ठसा घेतला जातो. मग रकान्यातला जुना आकडा आणि हा नवा ठसा एकत्र करून त्यांचा मिळून एक नवा आकडा काढला जातो आणि तोच रकान्यात राहतो. खोडायची सोय नाही, मधली ओळ बदलायची सोय नाही. कोणी मध्येच एखादा प्रोग्रॅम बदलला तर शेवटची बेरीज जुळत नाही. डिस्कची किल्ली चिपकडे देताना अट घालता येते की बेरीज अमुक असेल तरच ही किल्ली सोडायची.

ड्रायव्हर म्हणजे या व्यवहारातले शिपाईमामा. वर्गातून कार्यालयात चिठ्ठी न्यायची, उत्तर आणायचे, दोन वर्गांच्या चिठ्ठ्यांची सरमिसळ होऊ द्यायची नाही, आणि कार्यालयातून उत्तर आलेच नाही तर किती वेळ थांबायचे हे ठरवायचे. चिठ्ठीतला मजकूर त्यांना कळण्याची गरज नसते. चिठ्ठीचा वरचा भाग मात्र कळावा लागतो. टीपीएमच्या प्रत्येक आदेशाच्या माथ्यावर दहा बाइट असतात. दोन बाइट प्रकाराचे, चार लांबीचे, चार आदेशाच्या क्रमांकाचे.

संशयाचे दिवस

१९९९ मध्ये कॉम्पॅक, एचपी, आयबीएम, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून एक संघटना काढली. २००३ मध्ये तिची जागा ट्रस्टेड कंप्युटिंग ग्रुपने घेतली. मानक लिहिले गेले, चिपा आल्या आणि त्याबरोबर संशयही आला. संगणक माझा, पण त्यात बसलेला विश्वास कोणाचा? मुक्त सॉफ्टवेअरचे पुरस्कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांनी २००२ मध्ये या कल्पनेवर जाहीर टीका केली. केंब्रिजचे रॉस अँडरसन यांनीही हाच प्रश्न विचारला. मालकालाच त्याच्या यंत्रातून बाहेर ठेवणारे कुलूप कंपन्या बसवत आहेत, असा आक्षेप होता.

आयबीएमच्या संशोधन विभागातल्या डेव्हिड सॅफर्ड, लेन्डर्ट व्हॅन डोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला कामाने उत्तर दिले. २००३ मध्ये 'लिनक्स जर्नल'मध्ये त्यांनी लेख लिहिला आणि चिपचा ड्रायव्हर खुल्या परवान्याखाली सर्वांसाठी ठेवला. चिपचे नियंत्रण मालकाच्या हाती येऊ शकते, हे त्यांना दाखवायचे होते. पुढे जून २००५ मध्ये लिनक्स २.६.१२ ही आवृत्ती आली, तेव्हा अधिकृत कर्नलमध्ये टीपीएमचे ड्रायव्हर प्रथमच दाखल झाले. एक ॲटमेल कंपनीच्या चिपसाठी आणि एक नॅशनल सेमिकंडक्टरच्या चिपसाठी. प्रत्येक कंपनीची चिप वेगळ्या रीतीने बोलायची, म्हणून शिपाईही वेगळे.

ही कटकट टीपीएम १.२ च्या काळात मिटली. चिप कोणाचीही असो, संगणकाच्या स्मृतीच्या नकाशात ती ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या रूपात दिसली पाहिजे असा नियम झाला. त्याला टीआयएस म्हणतात. २००६ मध्ये त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला आणि पुष्कळ चिपांना तो एकच पुरू लागला. हा नियम पुढे नक्कल करणाऱ्यांच्याही कामी येणार होता.

झुरिकमधला विद्यार्थी

प्रयोगशाळेत उपकरणे थोडी आणि विद्यार्थी फार असले की काय होते, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. टीपीएमची अवस्था तशीच होती. चिप सगळ्यांकडे नव्हती. जिच्याकडे होती तिलाही आत डोकावता येत नव्हते, कारण बंद असणे हाच तिचा गुण. आदेश चुकला तर ती एक क्रमांक परत करते, पण आत नेमके काय बिनसले ते दिसत नाही. चुकीचा पासवर्ड फार वेळा दिला तर ती काही काळ दार लावून बसते.

२००४ मध्ये झुरिकच्या ईटीएच या संस्थेत मारिओ स्ट्रासर नावाच्या विद्यार्थ्याने सत्राच्या प्रकल्पासाठी टीपीएमचा खुला एम्युलेटर लिहिला. चिपचे मानक समोर ठेवून तेच वागणे प्रोग्रॅममध्ये उतरवायचे, हा विषय. सुरुवातीला सगळा एम्युलेटर कर्नलच्या आतच चालत असे. प्रचंड आकड्यांचे गणितही तिथेच. पुढे त्याचे दोन तुकडे झाले. गणित आणि नोंदवही एका साध्या, कर्नलबाहेर चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे गेली आणि कर्नलमध्ये एक छोटा ड्रायव्हर राहिला. तो चिठ्ठी आत घ्यायचा, बाहेरच्या प्रोग्रॅमला द्यायचा आणि उत्तर परत आणायचा.

हा फेरबदल महत्त्वाचा होता. कर्नलमध्ये एक चूक झाली तर सगळे यंत्र कोसळते, बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये झाली तर तो प्रोग्रॅमच काय तो बंद पडतो. म्हणून हुशारी बाहेर ठेवायची आणि आत फक्त निरोप्या. नकली चिपांच्या ड्रायव्हरचा त्यानंतरचा बराचसा प्रवास याच वाटेने झाला आहे.

एका यंत्रात दहा यंत्रे

याच सुमारास एका मोठ्या संगणकात अनेक व्हर्च्युअल मशीन चालवण्याची पद्धत रुळत होती. प्रत्येकाला वाटते की सबंध संगणक आपलाच आहे. पण चिप एक आणि भाडेकरू दहा. एकाची नोंद दुसऱ्याच्या रकान्यात मिसळली तर सगळ्यांच्याच बेरजा निरर्थक होतील. मग प्रत्येकाला स्वतंत्र चिप द्यायची, आणि ती अर्थातच नकली.

२००६ मध्ये स्टेफान बर्गर आणि आयबीएममधले त्यांचे सहकारी यांनी युझनिक्सच्या सुरक्षा परिषदेत यावर निबंध मांडला. झेन या प्रणालीत त्यांनी ड्रायव्हरचे दोन अर्ध केले होते, एक भाडेकरूच्या घरात आणि दुसरा मालकाच्या बाजूला. पण निबंधातला खरा अवघड भाग ड्रायव्हरचा नव्हताच. खऱ्या चिपमध्ये एक जन्मजात किल्ली असते आणि "ही चिप आम्ही बनवली" असे प्रमाणपत्र तिच्यासाठी कारखाना देऊ शकतो. नकली चिपला असा दाखला कोण देणार? आणि व्हर्च्युअल मशीन एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर हलवले तर तिच्या चिपने कोणत्या विश्वासावर बरोबर जायचे? हे प्रश्न तेव्हा मांडले गेले आणि त्यांच्यावर आजही काम चालू आहे.

ड्रायव्हर मात्र एकेक करून कर्नलमध्ये येत गेले. आयबीएमच्या पॉवर यंत्रांवरील व्हर्च्युअल टीपीएमसाठी २०१२ मध्ये, झेनसाठी २०१३ मध्ये.

नक्कल कोणत्या पायरीवर?

इथे दोन वाटा फुटतात.

पहिली वाट म्हणजे चिपच्या बाह्यरूपाचीच नक्कल करायची. व्हर्च्युअल मशीन चालवणारा क्यूएमू हा प्रोग्रॅम तेच करतो. आतल्या कर्नलचा नेहमीचा टीआयएस ड्रायव्हर ठरलेल्या जागी जातो, तर तिथे सगळे जसेच्या तसे असते. पाच पातळ्या, प्रत्येकीचे चार किलोबाइटचे पान. ड्रायव्हर आधी ताबा मागतो. "तयार" असा बिट लागेपर्यंत थांबतो. एका वेळी किती बाइट घेणार हे चिपला विचारतो, तेवढेच भरतो, पुन्हा विचारतो. चिठ्ठी पूर्ण झाली की "सुरू कर" हा बिट लावतो, उत्तराची वाट पाहतो, ते वाचतो आणि ताबा सोडतो. हा सगळा शिष्टाचार क्यूएमूला पाळावा लागतो. त्याचा मोबदला असा की नवा ड्रायव्हर लिहावाच लागत नाही. आतल्या कर्नलला पाहुणचारावरून शंका येत नाही. क्यूएमूमध्ये २०१३ साली हे आले तेव्हा पाठीमागे खरी चिप लागत असे. २०१७ च्या अखेरीस २.११ आवृत्तीपासून बर्गर यांनी लिहिलेला एसडब्ल्यूटीपीएम हा एम्युलेटर थेट जोडता येऊ लागला.

दुसरी वाट कंटेनरमुळे काढावी लागली. कंटेनर हे वेगळे यंत्र नव्हे, एकाच कर्नलच्या छताखाली पडदे टाकून केलेल्या खोल्या. तिथे खोटे यंत्रभाग दाखवायला जागाच नाही, कारण कर्नल एकच आणि तो खरा. म्हणून नक्कल एक पायरी वर आणली. ऑक्टोबर २०१६ मध्ये लिनक्स ४.८ मध्ये बर्गर यांचा व्हीटीपीएम प्रॉक्सी हा ड्रायव्हर आला. एम्युलेटर त्याच्याकडे नवी चिप मागतो. ड्रायव्हर जोडी तयार करून देतो. एका टोकाला सगळ्या प्रोग्रॅमना दिसणारी टीपीएमची फाइल, दुसऱ्या टोकाला फक्त एम्युलेटरच्या हातात असणारी गुप्त वाट. पहिल्या टोकात टाकलेला आदेश दुसऱ्या टोकाला वाचता येतो आणि दुसऱ्या टोकाला लिहिलेले उत्तर पहिल्या टोकाला मिळते. एम्युलेटरने आपले टोक बंद केले की चिप नाहीशी होते.

ऐकायला हे सोपे वाटते. पण यात एक गंमत दडली आहे, आणि असे प्रश्न सोडवणे हेच आमच्या कामाचे स्वरूप आहे. कर्नल कोणतीही नवी चिप स्वीकारताना तिच्याशी आधी स्वतः बोलतो. तू सुरू झालीस का, तुला काय काय येते, अशी चौकशी करतो. इथे उत्तर देणार कोण? एम्युलेटर. पण एम्युलेटर तर "नवी चिप दे" अशी विनंती करून निकालाची वाट पाहत थांबला आहे. त्याला त्याचे टोक हाती मिळाल्याशिवाय तो उत्तर देऊ शकत नाही, आणि उत्तर मिळाल्याशिवाय कर्नल विनंती पूर्ण करणार नाही. "आधी आपण, आधी आपण" करत दोघे दारातच उभे. यावर उपाय असा की ड्रायव्हर एम्युलेटरच्या हाती त्याचे टोक लगेच देऊन टाकतो आणि कर्नलची चौकशी मागाहून, वेगळ्या कामगाराकडून करून घेतो.

आणखी एक बारकावा. एम्युलेटरला "आता अमुक पातळीवरून बोलत आहोत" हे सांगण्यासाठी ड्रायव्हर एक खास आदेश त्याच वाटेने पाठवतो. तोच आदेश एखाद्या वापरकर्त्याने चिठ्ठीत लिहून पाठवला तर? तो नसलेली पातळी मिळवील. म्हणून शिपायाला इथे चिठ्ठीचा माथा वाचावा लागतो. तो खास आदेश बाहेरून आला तर ड्रायव्हर तो परत फेकतो.

नक्कल फार गुणी असते

एम्युलेटरने मोठे काम केले. टीपीएम २.० चे मानक आल्यावर २०१५ मध्ये लिनक्स ४.० मध्ये त्याचा ड्रायव्हर आला, आणि २०१७ मध्ये ४.१२ मध्ये अनेक प्रोग्रॅमना एकच चिप पाळीपाळीने वापरू देणारी व्यवस्था आली. ज्यांच्याकडे चिप नाही अशा कोणालाही आता हे सगळे घरच्या संगणकावर चालवून तपासता येते. चिप जाईल, कुलूपबंद होईल ही धास्ती नाही. फाइल पुसा आणि पुन्हा सुरुवात करा.

पण गुणी मुलावर अभ्यास केलेल्या शिक्षकाला खरा वर्ग भेटला की काय होते, ते आपले गुरुजन जाणतात. एम्युलेटर झटपट उत्तर देतो. खरी चिप एक आरएसए किल्ली बनवायला कित्येक सेकंद घेऊ शकते. एम्युलेटर स्वतःच्या वेगाविषयी खरे बोलतो, खरी चिप बोलेलच असे नाही. ॲटमेलच्या एका चिपने सांगितलेली थांबण्याची मुदत भरवशाची नव्हती, म्हणून टीआयएस ड्रायव्हरमध्ये तिच्यासाठी वेगळा तक्ता आहे. २०२३ मध्ये एएमडीच्या प्रोसेसरमधल्या टीपीएमकडून यादृच्छिक आकडे मागताना काही संगणक अडखळू लागले आणि अखेर कर्नलने त्या टीपीएमकडून आकडे घेणेच थांबवले. असे दोष एम्युलेटरवर सापडत नाहीत. म्हणून नकलेवर उत्तीर्ण झालेला ड्रायव्हर हा फक्त तोंडी परीक्षेत उत्तीर्ण झालेला मानावा. प्रात्यक्षिक बाकी असते.

विश्वास कुठे ठेवायचा?

आता मुख्य गोष्ट. खऱ्या चिपचा सगळा जीव तिच्या बंद डबीत आहे. नकली चिपचा जीव एका फाइलीत असतो. फाइलीची प्रत काढता येते. म्हणजे एकाच बोटाच्या ठशाची दोन माणसे. जुनी प्रत परत ठेवता येते. म्हणजे चुकीच्या पासवर्डांची मोजणी पुन्हा शून्यावर. फाइलीला पासवर्डचे कुलूप लावता येते, पण चालू एम्युलेटरची स्मृती ज्याच्या यंत्रावर आहे त्याला वाचता येते. ड्रायव्हर कितीही चोख लिहिला तरी तो हे बदलू शकत नाही. शिपाई प्रामाणिक आहे म्हणून तिजोरी मजबूत होत नाही.

याचा अर्थ धातूची डबी पवित्र, असाही नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये ख्रिस्तोफर टार्नोव्हस्की यांनी इन्फिनिऑनची चिप उघडून तिच्यातली गुपिते वाचून दाखवली. २०१७ मध्ये ब्रनो येथील मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की इन्फिनिऑनच्या चिपा ज्या रीतीने आरएसए किल्ल्या बनवत होत्या ती रीतच कच्ची होती. आणि २०२३ मध्ये टीपीएम २.० च्या नमुना संहितेतच दोन दोष सापडले. तीच संहिता अनेकांनी उचललेली असल्याने एसडब्ल्यूटीपीएमच्या पोटातली लिबटीपीएमएसही त्यात सापडली. एकाच्या वहीतून सगळ्यांनी उतरवले की चूकही सगळ्यांकडे सारखीच जाते.

२०२५ मध्ये लिनक्स ६.१६ मध्ये एसव्हीएसएम टीपीएम नावाचा एक छोटा ड्रायव्हर आला. तो एएमडीच्या अशा प्रोसेसरांसाठी आहे, जिथे व्हर्च्युअल मशीनची स्मृती यंत्राच्या मालकापासूनही सांकेतिक करून लपवलेली असते. तिथे एम्युलेटर मालकाच्या बाजूला नसतो. तो भाडेकरूच्याच घरात, पण भाडेकरूच्या कर्नललाही हात लावता येणार नाही अशा संरक्षित खोलीत बसतो. भाडेकरूने मालकावर विश्वास टाकायची गरज उरू नये, हा त्यामागचा हेतू. प्रोसेसर बनवणाऱ्यावर मात्र तो टाकावाच लागतो. २००६ च्या निबंधातल्या प्रश्नाला मिळालेले हे एक उत्तर. ड्रायव्हर मात्र तोच निरोप्याचा, आकाराने लहान.

स्वतः करून पाहायचे असेल तर

आपल्यापैकी कोणाच्या घरी संगणकाचा अभ्यास करणारा मुलगा किंवा मुलगी असेल, किंवा कोणी गुरुजन अजून संगणक कक्ष सांभाळत असतील, तर त्यांनी हे जरूर करून पाहावे. लिनक्स असलेला जुना लॅपटॉप पुरे, टीपीएम नसला तरी चालेल. एसडब्ल्यूटीपीएम आणि प्रॉक्सी ड्रायव्हर दोन्ही खुले आणि विनामूल्य आहेत. नकली चिप उभी करून तिचे रकाने वाचायला सांगा. पहिल्या सोळांत नुसती शून्ये दिसतील. त्यातल्या एकात नोंद करायला सांगा, आणि मग ती खोडून पाहायला सांगा. खोडता येणार नाही.

मग त्याच लॅपटॉपवर, लॅपटॉप बंद न करता, फक्त एम्युलेटर बंद करून पुन्हा सुरू करायला सांगा. रकाने परत शून्य झालेले असतील. मदरबोर्डवरच्या चिपची ती वही यंत्र पुन्हा सुरू केल्याशिवाय कोरी होऊ नये, अशीच तिची बांधणी असते. हा फरक का पडला, हे त्या मुलांना आधी स्वतःच शोधू द्यावे.